आधी वजन कमी करा

उन्हाळी_सुट्टी | रविवार, दुपारी ३.१०

गेल्या जूनपासून जिना चढला की मला धाप लागायला लागली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावर थांबायचं, कठड्याला टेकायचं, मग पुढे. तिथल्या काकू दार उघडून म्हणायच्या, "अगं, जरा वजन कमी कर." काकू वाईट नाहीत. पाणीही त्याच आणून द्यायच्या.

वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन तेव्हा ७८ किलो. लपवण्यात अर्थ नाही, लग्नकार्यात सगळ्यांनी मनातल्या मनात तोलून ठेवलेलंच असतं.

डॉक्टरांकडे गेले. (कोण, कुठले विचारू नका, सांगणार नाही.) खुर्चीवर बसायच्या आधी काट्यावर उभं केलं. धाप लागते, थकवा आहे, केस जातात, पाय ओढतात असं सांगत होते, तर चौथ्या-पाचव्या वाक्याला त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आधी वजन कमी करा. दहा किलो उतरवा, मग या. निम्म्या तक्रारी उरणार नाहीत." रक्त तपासायला सांगितलं नाही. पाळीचं विचारलं नाही. फी ५०० रुपये.

आता मूर्खपणा माझा. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची मला लाज वाटली. दहा किलो उतरवूनच कुठेही तोंड दाखवायचं असं ठरवलं. रात्रीचं जेवण बंद, भात बंद, चहाबरोबरचं काहीबाही बंद, पहाटे साडेपाचला टेकडी. तीन महिन्यांत साडेसहा किलो गेले. टेकडीवर दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, कडेला बसून राहिले. ते मी मेहनतीच्या खात्यात मांडलं.

त्या तीन महिन्यांत मला जेवढं कौतुक मिळालं तेवढं दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं. ऑफिसात "काय करतेस, सांग ना". नणंदेने पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. सासूबाई एकट्या म्हणत होत्या, "हिचा चेहरा उतरलाय, ओठ पांढरे दिसतात." त्यांना सगळ्यांनी गप्प केलं, मीही.

ऑक्टोबरात ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्या निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात. थेंब बुडला तर रक्त चालतं. माझा तरंगत राहिला. तिथल्या मुलाने परत टोचलं, परत तरंगला. तो हसून म्हणाला, "ताई, तुम्ही द्यायला नाही, घ्यायला आलात." संध्याकाळी लॅबमध्ये हिमोग्लोबिन ६.८ निघालं. पुढे सोनोग्राफीत गर्भाशयात सहा सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ. माझी पाळी नऊ-नऊ दिवस चालायची, गाठी जायच्या. वय झालं, असंच असतं, असं मी धरून चालले होते.

म्हणजे मी रक्त गमावत होते आणि लोक अभिनंदन करत होते.

कुणाच्या बाबतीत असं झालंय का? डाएटचे सल्ले नकोत. ते माझ्याकडे वहीभर आहेत.


चकलीचा_साचा | रविवार, दुपारी ४.०२

बाई गं. +१ नाही, +१००.

माझी वहीसुद्धा भरलेली आहे. २०१८ च्या सुमारास आमच्या बिल्डिंगचे दोन तट पडले होते, डाएटवाल्या डॉ. दीक्षितांचे दिवसातून दोनदाच, ५५-५५ मिनिटांत जेवणारे आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे दर दोन तासांनी खाणारे. हळदीकुंकवाला कुणाला तिळगूळ द्यावा नि कुणाला नाही याचा हिशेब ठेवावा लागायचा. मी दोन्हीकडे होते, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

माझा किस्सा लहानपणीचा. वर्षाची असताना सुदृढ बालक स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, स्टीलचा डबा. तो अजून आईकडे आहे. मी तेरा वर्षांची झाल्यावर आई त्याच डब्यातले लाडू माझ्यापासून लपवायची.


सडेतोड | रविवार, संध्या. ६.२५

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. धागाकर्तीचं वाईट वाटलं, तपासणी व्हायलाच हवी होती. पण त्या डॉक्टरचं वाक्य खोटं होतं का? पाच फूट दोनला ७८ म्हणजे लठ्ठपणाच की. लठ्ठपणाने साखर, रक्तदाब, गुडघे सगळं येतं. आजकाल याला "बॉडी शेमिंग" म्हणून गोंजारायची पद्धत पडली आहे. सिगरेट ओढणाऱ्याला सोड म्हटलं तर कुणी रडत नाही. वजनाचं नाव काढलं की धागे निघतात.


काडीपेटी | रविवार, संध्या. ७.१४

सडेतोड, सिगरेट खिशात लपते हो.

मी दुसऱ्या टोकाची. ४४ किलो. मुलगी बघायला आलेल्या एका बाईंनी माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं होतं, बाजारात शेवग्याची शेंग बघतात तसं. "बाळंतपण झेपेल ना हिला?" हे माझ्यासमोर, माझ्या आईला. नवऱ्याचे मित्र अजून म्हणतात, "वहिनींना वाऱ्यात सोडू नको." त्यामुळे जाड बायकांनाच ऐकावं लागतं असं नाही, बाईच्या अंगाला कुठला काटा मानवतो हेच मला कळलेलं नाही.

पण लिहायचं आहे ते आईबद्दल. आई माझ्यासारखीच, आयुष्यभर काटकुळी. "मला कसला डायबेटिस होतोय" हे तिचं आवडतं वाक्य आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांचंही. मावशी जाड, तिची साखर दर सहा महिन्यांनी तपासायचे. आईची कधीच नाही. पायाला जखम झाली, महिनाभर भरेना, तेव्हा तपासली. उपाशीपोटी २८६. मावशीची आजही नॉर्मल आहे. म्हणजे धागाकर्तीचं वजन दिसलं म्हणून पुढचं काही दिसलं नाही आणि आईचं वजन दिसलं नाही म्हणून काहीच दिसलं नाही.


सातारी_कंदी | रविवार, रात्री १०.४०

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी. आमच्या जातभाईची बाजू घ्यायला आलोय असं समजू नका.

काडीपेटी यांनी लिहिलंय त्याची चित्रासकट गोष्ट पुण्यात घडली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारी-शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, नेमका एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर यडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे आणि आतून काही संबंध नाही. याज्ञिकांचं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेलं काम आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. वजन कमी, हातपाय बारीक, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. 'बारीक-जाड भारतीय' असं म्हणतात ते हेच.

आता बीएमआयची जन्मकथा. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं ही युक्ती बेल्जियमच्या केतलेची, १८३० च्या दशकातली. हा माणूस डॉक्टर नव्हता. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय, 'सरासरी माणूस' कसा असतो याचा त्याला शोध घ्यायचा होता. तुमच्या जिन्यावरच्या धापेशी त्याला कर्तव्य नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी सोयीचं म्हणून. पुढे तो दवाखान्यात आला आणि खुर्चीच्याही आधी आला.

सडेतोड, तुमचं गणित बरोबर आहे. ७८ किलोला धागाकर्तीचा बीएमआय ३१ च्या वर येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठ धरतात, ते याज्ञिकांसारख्यांच्या कामामुळेच. वजनाचा विषय काढू नये असं मी म्हणणार नाही, मी रोज काढतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ च्या वर बीएमआय असलेल्या बायका २४ टक्के आहेत आणि १५ ते ४९ वयातल्या रक्त कमी असलेल्या बायका ५७ टक्के. त्रेचाळिशीची बाई, थकवा, धाप, केस गळणं. कुठल्याही शिकाऊ डॉक्टरला विचारा, पहिली चिठ्ठी हिमोग्रामची, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीची. दोन-तीनशे रुपयांचं काम. वजन डोळ्याला दिसतं म्हणून ते पहिलं उत्तर होतं, एवढंच.

आणि एक. एखादी बाई तुमच्या बोलण्यामुळे पुढच्या डॉक्टरकडे जाणंच टाळत असेल, तर सल्ला कितीही बरोबर असो, पेशंट हातचा गेला.

उन्हाळी_सुट्टी, एक विचारतो. बर्फ खायचात का?


उन्हाळी_सुट्टी | रविवार, रात्री ११.०५

अरे देवा. हो! फ्रिजरमधला ट्रे रोज संपवायचे. कडाकडा फोडून. मुलगा म्हणायचा, आई गोळेवाला होणार. मला वाटायचं, भूक मारायला बरं, त्यात कॅलरी नसतात. तुम्हाला कसं कळलं?


सातारी_कंदी | रविवार, रात्री ११.१२

लोह कमी पडलं की काहींना बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खावंसं वाटतं. पाळीत तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी जाणं, आठवड्याच्या पुढे रक्तस्राव, यातलं काहीही 'वय झालं' नसतं. इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितोय.


ओसरीवरची_आजी | सोमवार, सकाळी ६.३०

मी ६८ वर्षांची, मुंबईची, निवृत्त. मोबाइलवर टंकते, चुका पोटात घाला.

आम्हाला "चालून दाखव" म्हणत. पाय फरफटतो का ते बघायला. मला तीन ठिकाणी चालवलं. चौथ्या ठिकाणी मी म्हटलं, आधी मुलाला चालवा. तिथेच जमलं, कारण तो हसला. अवांतर झालं.

मला आज सकाळी एक शब्द आठवला, हवाईसुंदरी. नोकरीच्या नावातच सुंदरी! पुरुषाला कुणी हवाईसुंदर म्हटल्याचं ऐकलंय? तो पर्सर. आमच्या चाळीतली एक मुलगी लागली होती, सगळी चाळ टॅक्सीपर्यंत सोडायला गेली होती. तेव्हाचे नियम असे, की पस्तिशीला निवृत्त, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी, पहिलं मूल राहिलं तरी घरी. नर्गेश मिर्झा यांनी एअर इंडियाविरुद्ध खटला लढवला आणि १९८१ साली सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाचा नियम उडवला. पण चार वर्षं लग्न करायचं नाही हा मात्र ठेवला, त्यात कोर्टाला गैर दिसलं नाही. पोटात मूल चालेल, चरबी चालणार नाही असं पुढे झालं. वजन जास्त म्हणून २००९ मध्ये त्याच कंपनीने हवाईसुंदऱ्यांना घरी बसवलं. २५-२५ वर्षं विमानात ट्रे उचललेल्या बायका.

दुसरं म्हणजे टुणटुण. शाळेत जाड मुलीला सरसकट टुणटुण म्हणत, मीही म्हटलंय. ती उमादेवी खत्री आधी पार्श्वगायिका होती आणि १९४७ साली नौशादकडे गायलेलं तिचं गाणं घरोघरी होतं, हे मला पन्नाशीत कळलं. तो आवाज रेडिओवर मी शंभरदा ऐकलेला. गाणारी कशी दिसते ते ठाऊक नव्हतं तोवर मला ती फार देखणी वाटायची.


डेट्रॉइटचा_दामू | सोमवार, सकाळी ८.१५ (इथे रात्र)

आजी, दंडवत.

मी राहतो त्या मिशिगनमध्ये १९७६ पासूनच्या नागरी हक्क कायद्यात धर्म, वंश यांच्या रांगेत उंची आणि वजनही लिहिलेलं आहे. म्हणजे वजनावरून नोकरी नाकारता येत नाही. न्यूयॉर्क शहराने असा कायदा २०२३ मध्ये केला, आपण त्यांच्या ४७ वर्षं पुढे म्हणून इथले लोक जरा मिरवतात.

आता वस्तुस्थिती. मागच्या गणपतीत आमच्या मंडळात बायकोने दुसरा मोदक घेतला, तर मागून आवाज आला, "तूप नको घालूस हं हिला." त्या काकूंवर कायदा चालत नाही. बायको तेव्हा हसली. घरी येताना गाडीत ४० मिनिटं एक शब्द बोलली नाही. मी "मनावर नको घेऊस" म्हटलं, ती माझी चूक झाली असं नंतर कळवण्यात आलं.


तीन_आठवडे | सोमवार, सकाळी ११.५०

धाग्याच्या विषयाला धरून नाही कदाचित. माझं लग्न तीन आठवड्यांवर आहे. ६६ किलो. होणाऱ्या सासूबाईंनी प्री-वेडिंग शूट बघून "ते नवीन इंजेक्शन असतं ना आठवड्याला एक, ते घे, माझ्या भाचीने घेतलं" असं सांगितलंय. इथे डॉक्टर आहेत म्हणून विचारते. घेऊ का?


सातारी_कंदी | सोमवार, दुपारी १.३०

२०२५ पासून ती वजनासाठी आपल्याकडेही मिळतात. मधुमेह, लठ्ठपणा असलेल्या अनेकांना खरंच उपयोग होतो, उगाच नावं ठेवणार नाही. पण ती दर काही आठवड्यांनी हळूहळू डोस वाढवत महिनोन् महिने घ्यायची असतात, सुरुवातीला मळमळ-उलट्या पुष्कळांना होतात. तीन आठवड्यांत हाती काय येईल तर बोहल्यावर ओकारी. मूल व्हायचा विचार असेल तर आणखी वेगळं बोलावं लागतं. भाचीच्या चिठ्ठीवर तर मुळीच नको. समोरासमोर डॉक्टरला दाखवा, आणि हिमोग्लोबिन तेवढं बघून घ्या.


चकलीचा_साचा | सोमवार, दुपारी १.४४

>>बोहल्यावर ओकारी<<

ऑफिसात मोठ्याने हसले. तीन_आठवडे, ६६ किलोला कुणी इंजेक्शन सांगतं? माझ्या लग्नात वजन ७१ होतं आणि वरपक्षाने मांडवात दुसऱ्यांदा जिलबी मागितली होती, आधी त्यांना टोचा.


सडेतोड | सोमवार, रात्री ९.२०

डॉक्टरांचं पटलं, याज्ञिकांचं माहीत नव्हतं. सिगरेटची तुलना मागे घेतो.

पण मग घरात बोलायचं कसं, हे कुणी सांगेल का? खरं विचारतोय. मुलगी चौदाची. दिवाळीनंतर वजन वाढलं. मी एकदा, एकदाच म्हटलं, "पिंकी, बस आता पोळी." तेव्हापासून ती आमच्याबरोबर जेवत नाही. ताट खोलीत नेते. बायको म्हणते, रिकामं येतं. कचऱ्याच्या डब्यात पोळी सापडली. माझा हेतू वाईट नव्हता.


काडीपेटी | सोमवार, रात्री ९.५५

हेतूचं राहू द्या. ताट खोलीत जातंय, अन्न टाकलं जातंय, हे किती दिवस? जास्त असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि तिच्यादेखत पोळ्या मोजू नका. तिच्या आणि तुमच्याही.


सडेतोड | सोमवार, रात्री १०.०१

पाच आठवडे.


सातारी_कंदी | सोमवार, रात्री १०.०८

याच आठवड्यात न्या. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा.


तुरपाई | मंगळवार, दुपारी २.२०

मी इचलकरंजीची, घरातच शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. लिहायची सवय नाही, पण वाचून राहवलं नाही.

माप घ्यायला टेप कमरेला लावला की बाई श्वास आत ओढते. प्रत्येक बाई. अठराची असो नाहीतर साठीची. पोट आत घेऊन उभी राहते आणि वर म्हणते, "जरा कमीच लिवा वहिनी, मी बारीक होणार हाय." मग ब्लाऊज घट्ट झाला की बोलणी मला. म्हणून मी आता आधी गप्पा मारते, पोरं काय करतात, पाणी आलं काय, आणि बोलता बोलता माप घेते. बोलताना श्वास सुटतोच.

काही जणी माफी मागतात. "माझा दंड लई मोठा हाय, कापड जास्त लागंल, सॉरी हां." अगं तुझा दंड, तुझं कापड, सॉरी कशाला? पोतंभर पीठ मळणारे दंड. बापय माणसं शर्ट टाकायला येतात, ढेरी पुढं, कुणी सॉरी म्हणत नाही. उलट म्हणतात, "जरा ढगळ शिवा, मोकळं वाटतं."

तयार कपड्यांचं तर विचारू नका. लेबलावर डबल एक्सेल, अंगावर चढतच नाही, आणि बाई रडते स्वतःवर. कापड चुकलंय, तू नाही चुकलीस, असं मी सांगते. पण आरशासमोर माझं कोण ऐकतंय.


चकलीचा_साचा | मंगळवार, दुपारी २.३१

तुरपाईताई, तुम्ही पार्सलने शिवून पाठवता का? गंमत नाही, खरंच विचारतेय. माझ्या टेलरने पैठणीच्या ब्लाऊजची वाट लावली आहे.


ओसरीवरची_आजी | मंगळवार, दुपारी ४.००

मीही रांगेत. माझे दंड तर आता झोळीसारखे लोंबतात, नातू त्यांना टिचकी मारतो.


उन्हाळी_सुट्टी | बुधवार, रात्री ८.४५

सगळ्यांना एकेक उत्तर देणं जमलं नाही, सॉरी. (तुरपाई, बघा, म्हटलंच.)

ताजा हिशेब. सलाइनमधून लोहाचे डोस झाले, गाठीवर उपचार चालू आहेत, हिमोग्लोबिन ११.२. जिना एका दमात. भूक परत आली, भात परत आला, चार किलोही परत आले. परवा साखरपुड्याला तेच लोक भेटले. "काय गं, परत भरलीस? किती छान झाली होतीस!" मी म्हटलं, तेव्हा अंगात रक्त नव्हतं. त्यांना तो विनोद वाटला. एक मामी खरंच म्हणाल्या, "पण दिसत छान होतीस." मी पुढे बोलले नाही, पानात मठ्ठा वाढून घेतला.

त्या डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन परत जावं असं रोज वाटतं आणि रोज राहतं. काट्यावर परत उभं करतील म्हणून असेल.

सासूबाईंची मात्र मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं कोण ऐकतं? मी काय, काडी." आणि तेव्हा माझ्या डोक्यात काडीपेटीची आई आली. सासूबाईंची साखर आयुष्यात तपासलेली नव्हती. काल तपासली. रिपोर्ट उद्या येईल.

तुरपाईताई, भाचीचं लग्न फेब्रुवारीत आहे. ब्लाऊजपीस पाठवू का? जुना मापाचा ब्लाऊज मात्र ७१ किलोचा आहे.


तुरपाई | बुधवार, रात्री ९.३०

७१ चा नको, तो आजारपणातला हाय. आत्ता अंगाला नीट बसणारा एखादा कुर्ता पाठवा. दंडाला आणि बगलेत दोन्हीकडं दीड-दीड बोट माया ठेवते, पुढं लागली तर उसवून घ्या, इस्त्री मारली की शिवण दिसत नाही. आणि दंडाचं माप सासूबाईंना घ्यायला सांगा. तुम्ही स्वतः घेऊ नका, टेप ओढून धरशीला.